बिअर, बाम्बेर्ग आणि मुतखडा

“डॉक्टर, बिअर घेतली तर चालेल ना? मुतखड्याला चांगली असते म्हणतात.”

हा प्रश्न मी आजवर किती वेळा ऐकला असेल याची मोजदाद नाही. विचारणारा बहुधा पंचविशी ते चाळिशीतला असतो. बायको बरोबर असली तर प्रश्न हळू आवाजात येतो, आणि उत्तर ‘हो’ असेच यावे ही इच्छा चेहऱ्यावर स्वच्छ दिसते. पाणी भरपूर प्या म्हटले की कंटाळा येतो. बिअर प्या असे डॉक्टरांनी म्हटले, तर मात्र ते औषध रोज वेळेवर घेतले जाईल!

काही वर्षांपूर्वी दिंडोरी तालुक्यातला एक तरुण द्राक्ष बागायतदार माझ्याकडे आला होता. कमरेतून जांघेकडे उतरणारी कळ, उलट्या, अंगाला घाम. सोनोग्राफीत उजव्या मूत्रनलिकेत ९ मिलिमीटरचा खडा दिसला. एवढा मोठा खडा आपणहून पडण्याची शक्यता कमी, दुर्बिणीने काढून घे, असे त्याला सांगितले. तो ‘बागेची छाटणी उरकतो आणि येतो’ म्हणून गेला, तो पाच महिन्यांनी उगवला. मधल्या काळात मित्रांच्या सल्ल्याने रोज संध्याकाळी एक स्ट्राँग बिअर चालू होती. दोन-तीन आठवड्यांत कळ थांबली, म्हणजे खडा विरघळला असे त्याने धरून चालले. प्रत्यक्षात खडा जागच्या जागीच होता. लघवीची वाट अडून मूत्रपिंड आतल्या आत फुगत गेले होते. कळ थांबणे म्हणजे खडा जाणे नव्हे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. खडा निघाला, पण त्या मूत्रपिंडाचे निम्म्याहून अधिक काम कायमचे गेले.

या रोग्याची आठवण मला अगदी अनपेक्षित ठिकाणी झाली. जर्मनीत, एका बिअरघरात.

आमचा भाचा सातपूरच्या बॉशमध्ये, म्हणजे जुन्या नाशिककरांच्या ‘मायको’त, अभियंता आहे. कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी बाम्बेर्ग या गावी पाठवले होते. तिथेही याच कंपनीचा मोठा कारखाना आहे. २०२३ च्या जूनमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो. बाम्बेर्ग हे वस्तीने आपल्या मनमाडएवढे गाव. रेग्निट्झ नावाची नदी, सात टेकड्या, जुने कॅथेड्रल. १९९३ साली युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. आणि एवढ्याशा गावात स्वतःची बिअर स्वतः बनवून तिथेच पाजणारी दहाच्या आसपास घरे! काही तर कैक शतके जुनी. बिअरमध्ये काय घालावे याचा बव्हेरियाचा प्रसिद्ध नियम १५१६ चा. बाम्बेर्गचा स्वतःचा नियम त्याआधीचा, १४८९ चा. सातू, हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले आणि पाणी, बस्स.

“मामा, तुम्ही पिऊ नका, पण बघा तर खरं,” भाचा म्हणाला. सौ.ने नाक मुरडले. बिअरबार म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर काय आले असेल ते नाशिकच्या वाचकांना सांगायला नको: काळ्या काचा, लाल-निळा अंधुक दिवा, दारात वेड्यावाकड्या लावलेल्या मोटारसायकली. नाइलाजाने ती निघाली.

घराचे नाव श्लेंकर्ला. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासून, १४०५ पासून, या घराची नोंद आहे. आत जुनी काळी लाकडे, लांबच लांब बाकडी, खिडक्यांतून भरपूर उजेड. रिकामी जागा दिसेल तिथे परक्यांच्या शेजारी बसायचे. आमच्या समोर सत्तरी ओलांडलेल्या दोन आजीबाई होत्या. पलीकडे एक कुटुंब, मुले चित्रे रंगवत बसलेली. कोपऱ्यातल्या टेबलावर म्हातारे पत्ते खेळत होते. विडी-सिगारेटचा धूर नाही. बव्हेरियातल्या जनतेने २०१० साली मतदान करून खानावळी आणि बिअरघरांतले धूम्रपान बंद करून घेतले.

इथली बिअर धुराची. मोड आणलेले सातू बीच नावाच्या झाडाच्या लाकडावर वाळवतात, त्यामुळे धुराचा वास बिअरमध्ये उतरतो. मी भाच्याच्या ग्लासातला एक घोट चाखला. हुरडा भाजताना शेणीचा धूर अंगावर यावा तशी चव. दुसऱ्या घोटाची इच्छा झाली नाही. आम्ही दोघांनी सफरचंदाचा रस आणि सोडा असे मिश्रण मागवले. त्याची किंमत बिअरपेक्षा जास्त नव्हती, आणि हा योगायोग नव्हे. पिण्याच्या जागी निदान एक तरी बिनमद्याचे पेय सर्वांत स्वस्त मद्याहून महाग असता कामा नये, असा जर्मनीत कायदाच आहे. हा कायदा मला फार आवडला. आपल्या सरकारने खुशाल उचलावा.

जेवायला भाच्याने मागवला तो भरलेला कांदा. आत खिमा, वर धुराच्या बिअरचा रस्सा. लासलगाव-पिंपळगावच्या माणसाला कांद्याचे कौतुक कोणी सांगू नये, पण एक अख्खा कांदा पाहुण्याच्या थाटात ताटाच्या मधोमध बसलेला मी प्रथमच पाहिला. सौ.ला बटाटे आणि कोशिंबिरीवर भागवावे लागले.

माझे लक्ष मात्र ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीकडे होते. प्रत्येक ग्लास आणून ठेवताना वाढणारी बाई त्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ मारते. उठताना रेघा मोजायच्या आणि पैसे द्यायचे. म्हणजे आपण किती प्यायलो हे सबंध वेळ आपल्याच डोळ्यांसमोर, आणि शेजारच्या आजीबाईंच्याही! भाच्याच्या चकतीवर तासाभरात दोन रेघा झाल्या. तिसरी त्याने मारू दिली नाही. मामी समोर होती हे त्याचे एक कारण असावे.

आता हिशेब करू. तिथला ग्लास अर्ध्या लिटरचा, मद्यार्काचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एका ग्लासातून पोटात सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो. आपल्याकडची बाटली ६५० मिलिलिटरची, आणि स्ट्राँग म्हणवणाऱ्या बिअरमध्ये मद्यार्क आठ टक्क्यांपर्यंत. म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. व्हिस्की किंवा रमच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये असतो सुमारे १० ग्रॅम. तेव्हा ‘मी दारू पीत नाही, फक्त बिअर घेतो’ असे म्हणणाऱ्या गृहस्थाने एक स्ट्राँग बाटली संपवली, तर त्याने चार पेग घेतलेले असतात. यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही. ते तासाला साधारण एका लहान पेगाएवढाच मद्यार्क निकालात काढते. आठ वाजता रिकामी केलेली बाटली मध्यरात्रीपर्यंत रक्तात असते.

आणि ती रिकामी कशी होते? ‘बिअर शॉपी’तून बाटली घ्यायची, कागदात गुंडाळायची, गाडीच्या डिकीत टाकून गंगापूर धरणाच्या किंवा त्र्यंबक रस्त्याच्या कडेला गाठायचे. उपाशी पोटी, गार आहे तोवर, घाईघाईत. चकणा म्हणजे खारे शेंगदाणे आणि फरसाण, ज्याने तहान आणखी वाढते. बरोबर तंबाखूची पुडी. मद्य आणि तंबाखू एकत्र आले की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. मग त्याच मोटारसायकलवरून घरी. आपल्या कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला तर तो गुन्हा आहे. एक स्ट्राँग बाटली बहुतेकांना ही रेषा सहज ओलांडायला लावते. बाम्बेर्गचे म्हातारे बिअरघरातून चालत घरी गेले. त्यांचे घर दोन गल्ल्यांपलीकडे होते.

हा फरक मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तिथे पिण्याची जागा गल्लीत आहे, उजेडात आहे, बायका-मुले आणि वडीलधारी मंडळी तिथे आहेत, ताटात अन्न आहे. उन्हाळ्यात टेकडीवरच्या बागांत चेस्टनटच्या झाडांखाली बसतात. बिअर थंड राहावी म्हणून खाली तळघरे खोदली आणि वर सावलीसाठी झाडे लावली, अशी या बागांची हकीकत. १८१२ साली बव्हेरियाच्या राजाने म्युनिकच्या बिअरवाल्यांना तळघरावर बिअर विकायला परवानगी दिली आणि जेवण विकायला मनाई केली. तेव्हापासून लोक घरूनच डबे आणू लागले. ती प्रथा अनेक बागांत अजून टिकून आहे. सौ.ने दुसऱ्या दिवशी अशाच एका बागेत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली, कोणी हरकत घेतली नाही! आपण मात्र या सगळ्यातून नुसती बाटली उचलली, तीही दुप्पट कडक करून. बाकीचे तिथेच राहिले.

मद्य तेच असले तरी माणूस कुठे, कोणाबरोबर आणि कशासाठी पितो याने फार फरक पडतो, याचा जुना दाखला आपल्या देवळालीत आहे. इंग्रजी अमदानीत मायदेशी परतणारे गोरे सोल्जर आगबोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने पडून असत. काम नाही, घरचे कोणी नाही, उकाडा, हिवताप आणि दारू. त्यांतल्या कित्येकांची डोकी फिरली. त्यावरून इंग्रजीत भ्रमिष्ट माणसाला ‘डूलाली’ म्हणू लागले. गंमत अशी, की पुण्यात २००९ साली स्वतःची बिअर बनवून पाजणारे एक घर निघाले, बिअर बनवायला जर्मन तज्ज्ञ आणला, आणि नाव ठेवले डूलाली! तिकडे ‘श्लेंकर्ला’ हे नावही पूर्वीच्या एका मालकाच्या झुलत्या चालीवरून पडले असे सांगतात. बिअरवाले आपल्या मालाचे परिणाम पाटीवरच लिहून ठेवतात, आपण वाचत नाही इतकेच.

वाचकहो, याचा अर्थ जर्मन लोक पितात म्हणून बिअर निर्धोक, असा कृपा करून काढू नका. म्युनिकच्या ऑक्टोबर उत्सवात लिटर-लिटरचे मग रिचवणारे तेच लोक. तिथे सोळाव्या वर्षी पोराला कायद्याने बिअर मिळते, हे मला डॉक्टर म्हणून मुळीच पसंत नाही. (आपल्याकडे बिअरला एकवीस वर्षे पूर्ण लागतात आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवानाही लागतो. ‘परमिट रूम’ हे नाव त्यावरूनच आले. परवाना किती जणांच्या खिशात असतो ते परमिट रूमवाल्यांना विचारा.) पुरुषाने दिवसाला २० ग्रॅम आणि स्त्रीने १० ग्रॅमपर्यंत मद्यार्क घेतला तर चालतो, असे जर्मनीची पोषणशास्त्र संस्था पूर्वी सांगत असे. २०२४ साली तिने हे मागे घेतले आणि मद्य न घेणेच उत्तम असे जाहीर केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्य कर्करोगकारक असल्याचे १९८८ सालीच सांगितले होते. अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे, स्त्रियांचे स्तन, ही यादी वाढतच गेली आहे.

आता मुतखडा. बिअरने लघवी जास्त होते हे खरे. मद्यार्क शरीरातले पाणी राखणारे संप्रेरक दाबून टाकतो, म्हणून होते. पण त्यामुळे शरीर उलट कोरडे पडते आणि दुसऱ्या दिवशी लघवी गडद होते. शिवाय बिअरने रक्तातले यूरिक आम्ल वाढते. त्याचे वेगळे खडे होतात, आणि पायाचा अंगठा लाल होऊन सुजतो तो संधिवात निराळाच. बिअरने कॅल्शियमचा खडा विरघळत नाही. परदेशांतल्या काही मोठ्या पाहण्यांत बिअर पिणाऱ्यांत खडे कमी आढळले, हे माझ्या वाचनात आहे, आणि काही सुशिक्षित रोगी ते कात्रण घेऊन येतात. पण त्या पाहण्या खडा होण्याआधीच्या. झालेला खडा बिअरने निघाला असे त्यांत कुठेही नाही. लघवी वाढवायची तर पाणी आहे. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल एवढे पाणी प्या. उन्हात बागेत राबणाऱ्याला त्यासाठी साडेतीन-चार लिटरही लागते. ताक, लिंबूपाणी चालते. मीठ कमी करा. कळीबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर त्याच रात्री इस्पितळ गाठा.

बाम्बेर्गहून मी पुठ्ठ्याच्या दोन चकत्या मागून आणल्या. एक दवाखान्यातल्या टेबलावर असते. ‘फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याच्या हातात मी पेन्सिल देतो आणि आठवड्याच्या रेघा मारायला सांगतो, एका स्ट्राँग बाटलीला चार. बहुतेकांना चकती पुरत नाही.

तो दिंडोरीचा बागायतदार अजून दर सहा महिन्यांनी तपासणीला येतो. पाण्याची दोन लिटरची बाटली बरोबर असते. गेल्या खेपेला आपल्या मित्रालाही घेऊन आला. त्याला पाच मिलिमीटरचा खडा. मी काही बोलायच्या आत बागायतदारानेच त्याला ठणकावले, “बिअर बंद.” मित्राने मान डोलावली, थोडा वेळ गप्प बसला आणि मग मला विचारले, “डॉक्टर, मग वाइन चालेल का? आपल्या नाशिकचीच आहे.”