तिसरं मूल झालं तर शिक्षकांची नोकरी जाते का? नियम काय आहे आणि न्यायालय काय म्हणतं?

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये जंगलात दगडाखाली ठेवलेलं तीन दिवसांचं बाळ गावकऱ्यांना सापडलं. रडण्याचा आवाज आल्यामुळे ते वाचलं. पोलिसांनी आई-वडिलांना अटक केली. वडील सरकारी शाळेत शिक्षक आहेत. हे त्यांचं चौथं अपत्य होतं आणि नोकरी जाईल या भीतीने हे केल्याचं पोलिसांनी सांगितलं.

हा प्रकार टोकाचा आहे. पण 'दोनच मुलं' ही अट असलेल्या राज्यांत ती नोकरदार जोडप्यांच्या घरातल्या निर्णयांपर्यंत कशी पोहोचते, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा समोर आला. महाराष्ट्रातही अशी अट आहे. इथल्या शिक्षकांसाठी तिचा अर्थ काय?

महाराष्ट्रात नियम काय आहे?

राज्यात 'महाराष्ट्र नागरी सेवा (लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन) नियम, २००५' लागू आहेत. लहान कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि दोन मुलं. सरकारी नोकरीसाठी उमेदवाराला प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. २८ मार्च २००५ नंतर जन्मलेल्या मुलामुळे हयात अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली, तर आपण पदासाठी अपात्र ठरू शकतो याची जाणीव आहे, असं त्यात लिहून द्यायचं असतं.

ज्यांना त्या तारखेआधीच दोनपेक्षा जास्त मुलं होती, त्यांना संख्या वाढली नाही तर बाधा येत नाही. नियम लागू झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात झालेल्या एका प्रसूतीलाही सूट होती.

मध्य प्रदेशात अशा अटीसाठी २६ जानेवारी २००१, तर राजस्थानात १ जून २००२ ही तारीख धरली जाते. राजस्थानचा नियम सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये वैध ठरवला. त्याआधी २००३ मध्ये हरियाणातील पंचायत निवडणुकीसाठीची दोन अपत्यांची अटही न्यायालयाने मान्य केली होती.

मग प्रसूती रजेचं काय?

इथे चित्र थोडं वेगळं आहे. तमिळनाडूतील एका सरकारी शिक्षिकेला पहिल्या लग्नापासून दोन मुलं होती. घटस्फोटानंतर मुलं वडिलांकडे राहिली. दुसऱ्या लग्नानंतर ती गरोदर राहिली, तेव्हा 'हे तिसरं अपत्य आहे' असं सांगून तिची प्रसूती रजा नाकारली गेली.

२३ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षिकेच्या बाजूने निकाल दिला. न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने प्रसूती रजा हा स्त्रीच्या प्रजनन हक्कांचा भाग मानला. लोकसंख्या नियंत्रण आणि मातेला मिळणारं संरक्षण ही एकमेकांच्या विरोधातली उद्दिष्टं नाहीत, दोन्हींची सांगड घालायला हवी, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. म्हणजे नियुक्तीची अट एका बाजूला कायम आहे आणि आधीच नोकरीत असलेल्या आईच्या रजेचा विचार न्यायालय वेगळा करतं.

२०१७ च्या दुरुस्तीनंतरचा मातृत्व लाभ कायदाही दोन हयात मुलं असतील तर पुढच्या प्रसूतीसाठी रजा पूर्ण नाकारत नाही. २६ ऐवजी १२ आठवडे देतो.

शिक्षकांच्या घरात निर्णय कसा होतो?

शिकलेल्या जोडप्यांना कुटुंब लहान ठेवायला नियमाची गरज फारशी पडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशात शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा एकूण प्रजनन दर २.८, तर बारा किंवा अधिक वर्षं शिकलेल्यांचा १.८ आहे. महाराष्ट्राचा एकूण दर १.७ आहे. लोकसंख्या स्थिर राहायला लागणाऱ्या २.१ पेक्षा तो कमी आहे.

शिक्षकांच्या बाबतीत नोकरीची रचनाही महत्त्वाची ठरते. निवड झाल्यावर तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करावं लागतं. प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ मध्ये वाढून १६ हजार रुपये झालं. दोघंही शिक्षक असतील तर नेमणूक वेगवेगळ्या तालुक्यांत, कधी वेगळ्या जिल्ह्यांत होते. मग 'पती-पत्नी एकत्रीकरण' बदलीची वाट पाहणं आलं. मूल कधी हवं, ते कोण सांभाळणार, सासू-सासरे की आई-वडील, ही सगळी गणितं या बदलीभोवती फिरतात.

जबाबदारी कोणाची?

कुटुंब नियोजनाचा भार मात्र अजूनही बाईवरच आहे. याच सर्वेक्षणानुसार देशात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के आहे. महाराष्ट्रात स्त्री नसबंदीचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षाही जास्त आहे. गर्भनिरोधन ही बायकांची बाब आहे, असं मानणाऱ्या पुरुषांचं प्रमाण देशात ३५ टक्के आहे.

खरं तर बिनटाक्याची पुरुष नसबंदी स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि कमी जोखमीची असते. कायमचा उपाय नको असेल तर तांबी, 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळ्या आणि निरोध सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात.

दोन अपत्यांच्या अटीवर एक गंभीर आक्षेप असा आहे की मुलगा हवा असलेल्या घरात पहिली मुलगी झाली, तर सगळा दबाव दुसऱ्या गर्भारपणावर येतो. गर्भलिंग निदानावर देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला, तरी हा दबाव संपलेला नाही.

शिक्षक आणि कुटुंब नियोजन: जुनं नातं

र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि या प्रचारामुळे त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. आणीबाणीत उलटं झालं. अनेक राज्यांत शिक्षकांना नसबंदीच्या 'केसेस' आणण्याचं लक्ष्य दिलं गेलं, ते पूर्ण झालं नाही तर पगार रोखले गेले. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं, पण राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही.

पुढे काय?

आंध्र प्रदेशने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठीची दोन अपत्यांची अट रद्द केली. घटता जन्मदर हे त्यामागचं कारण होतं. महाराष्ट्राचा जन्मदरही खाली आला आहे. जी जोडपी स्वतःहून एक-दोन मुलांवर थांबतात, त्यांच्यासाठी अट असली काय, नसली काय, फरक पडत नाही. तिचा फटका बसतो तो गर्भनिरोधन फसलेल्या, पुनर्विवाह झालेल्या किंवा मुलाचा हट्ट धरणाऱ्या सासरात अडकलेल्या बाईला. नियमाचा फेरविचार करायचा झाला, तर तो या घरांपासून सुरू व्हायला हवा.