प्रवेश दिला, पुढे काय?

महाविद्यालयाचे दार सर्वांस खुले केले म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणे ही शिक्षणसंस्थांची आत्मवंचना होय. अमेरिकेतील दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत प्रवेश सुलभ आहे व शुल्कही तुलनेने माफक. तथापि पहिल्याच वर्षी पुष्कळ विद्यार्थी निमूटपणे नाहीसे होतात. तेथे सल्लागार नसतात असे नव्हे. परंतु ज्याला सल्ल्याची निकड सर्वाधिक, तोच संकोचाने त्यांच्या दारी जात नाही.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 साली हा क्रम उलटा केला. तेथे एरवी एका सल्लागाराकडे 600 वा अधिक विद्यार्थी असत. 'असॅप' योजनेत ते 60 ते 80 ठेवले आणि भेट ऐच्छिक न ठेवता आवश्यक केली. जोडीला शुल्कातील तूट, पुस्तके व प्रवासाचा पास दिला. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत योजनेतील 40 टक्के विद्यार्थी तीन वर्षांत पदवीधर झाले. योजनेबाहेरील तशाच विद्यार्थ्यांत हे प्रमाण 22 टक्केच होते.

एकट्या सल्ल्याचे हे यश नव्हे, हे आम्ही जाणतो. खर्चाचा आक्षेपही येईल. विद्यार्थ्यामागे खर्च वाढला हे खरे. परंतु एका पदवीमागे पडणारा खर्च उलट कमीच भरला. महाग आहे ती गळती, मार्गदर्शन नव्हे.

हजेरीपटावरील नाव खोडणे सोपे आहे. तो विद्यार्थी का आला नाही, हे आपण होऊन विचारणे हेच संस्थेचे पहिले कर्तव्य होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.