बिबट्या सुटला तर पहिला तास कोण सांभाळणार? कात्रजचा धडा आणि उसाच्या पट्ट्यातला प्रश्न

पुण्यातील कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात मार्च २०२४ मध्ये एक नर बिबट्या पिंजऱ्यातून निसटला. संग्रहालय पर्यटकांसाठी बंद करण्यात आले, शोधासाठी पथके उतरली, पिंजरे लावले गेले. जवळपास दीड दिवसाने बिबट्या संग्रहालयाच्या आवारातच सापडला आणि पुन्हा पिंजऱ्यात गेला. माणूस जखमी झाला नाही, बिबट्यालाही गोळी घालावी लागली नाही.

शहरात दोन दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत मात्र तो मागे पडून चालणार नाही. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र आहे आणि तिथे पकडलेले बिबटे कायम पिंजऱ्यात असतात. जुन्नर तालुक्यातच आंबेगव्हाण येथे बिबट सफारी प्रस्तावित आहे. आणि या दोन्हींपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे इथल्या उसात बिनपिंजऱ्याचा बिबट्या रोजचाच आहे. कात्रजला आवार होते, भिंत होती, दरवाजे बंद करता आले. उसाला दरवाजा नसतो. मग इथे बिबट्या वस्तीत शिरला किंवा उद्या एखाद्या केंद्रातून सुटला, तर पहिल्या तासात कोणी काय करायचे, हे ठरले आहे का?

कात्रजला काय जमले?

प्राणी सुटल्यावर तीन गोष्टी लागतात. तो कुठल्या भागात आहे याचा अंदाज, त्या भागातून माणसे बाहेर काढण्याची सोय आणि घाई न करता थांबण्याची तयारी. कात्रजला या तिन्ही गोष्टी होत्या. १३० एकरांचे आवार मोठे असले तरी त्याला हद्द आहे. प्रवेशद्वार बंद केले की बघ्यांचा प्रश्न निम्मा सुटतो. गर्दी नसली की बिबट्या पळत सुटत नाही, झुडपात दबून बसतो आणि अंधार पडल्यावर हालचाल करतो. मग पिंजरा आणि कॅमेरा यांना वेळ मिळतो.

म्हणजे बिबट्या पकडला गेला त्यात पथकाचे कौशल्य होतेच, पण ते कौशल्य वापरायला मोकळी जागा मिळाली हेही तितकेच खरे. गावात नेमकी हीच जागा मिळत नाही. 'बिबट्या दिसला' असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर पडला की अर्ध्या तासात शे-दोनशे माणसे बांधावर उभी असतात. कोणी फटाके फोडतो, कोणी दगड मारतो, कोणी मोबाईल घेऊन सरीत शिरतो. वनविभागाची गाडी येते तेव्हा तिला वाट काढत यावे लागते.

एकाच शहरात, तेरा दिवसांत दोन निकाल

गर्दीने काय होते ते पुण्यानेच डिसेंबर २०२० मध्ये पाहिले. ९ डिसेंबरला कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये एक रानगवा आला. लोक मागे लागले, गवा सैरावैरा पळाला, भिंतींना धडकला, जखमी झाला. काही तासांनी त्याला डार्ट मारून बेशुद्ध केले आणि दोराने बांधून गाडीत चढवले. पण तो वाचला नाही. त्याच महिन्यात २२ तारखेला बावधन-पाषाण भागात दुसरा गवा दिसला. या वेळी यंत्रणेने आधी माणसे लांब ठेवली, जंगलाकडची वाट मोकळी ठेवली आणि डार्टची घाई केली नाही. तो गवा आल्या वाटेने परत गेला.

शहर तेच, प्राणी तसाच, यंत्रणाही तीच. फरक होता तो गर्दी आवरण्याचा. बिबट्या गव्यासारखा नाही, तो कोंडीत सापडला तर अंगावर येतो. म्हणून त्याच्या बाबतीत हा धडा आणखी कडक लागू होतो.

'इंजेक्शन मारा अन् न्या' इतके सोपे नाही

प्रत्येक गावात पहिली मागणी हीच असते. भुलीचे इंजेक्शन मारा आणि घेऊन जा. प्रत्यक्षात झायलाझीन आणि केटामाईन यांसारख्या औषधांचा डोस प्राण्याच्या वजनाच्या अंदाजावर ठरतो. डार्ट नीट लागायला प्राणी जवळ, स्थिर आणि उघड्यावर दिसावा लागतो. डार्ट मांसल भागात बसला तरी औषध चढायला साधारण पाच ते पंधरा मिनिटे जातात. एवढ्या वेळात बिबट्या दोन शेते ओलांडू शकतो किंवा एखाद्या घरात शिरू शकतो. त्यात तो आधीच चवताळलेला असेल तर औषध उशिरा चढते. डोस कमी पडला तर तो उठतो, जास्त झाला तर मरतो. उसात तर डार्ट मारायला समोर काही दिसतच नाही.

तज्ज्ञ, बंदुका आणि पैसा सगळे हाताशी असूनही डार्ट फसतो. जर्मनीतील लाइपझिगच्या प्राणिसंग्रहालयातून सप्टेंबर २०१६ मध्ये दोन सिंह बाहेर पडले. एकाला परत आत घालता आले. दुसऱ्यावर भुलीचा डार्ट वापरूनही तो आवरला नाही आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागली.

अमेरिकेच्या ओहायो राज्यात झेन्सव्हिलजवळ १८ ऑक्टोबर २०११ रोजी तर भयंकरच घडले. खासगी प्राणी पाळणाऱ्या एका माणसाने पिंजरे उघडले आणि आत्महत्या केली. वाघ, सिंह, अस्वले असे ५६ प्राणी होते. दिवस मावळत होता, जवळच महामार्ग आणि वस्ती होती आणि पहिल्यांदा पोहोचलेल्या पोलिसांकडे फक्त बंदुका होत्या. जवळपास पन्नास प्राणी मारले गेले, त्यांत १८ वाघ होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एका वाघाला डार्ट मारून पाहिला, तोही उसळला आणि त्यालाही गोळी घालावी लागली. दुसरीकडे, शाळा बंद ठेवल्या गेल्या, महामार्गावरील फलकांवर 'गाडीतच थांबा' अशी सूचना झळकली आणि एकही नागरिक प्राण्यांच्या हल्ल्यात गेला नाही. पुढच्याच वर्षी ओहायोने असे प्राणी पाळण्यावर कडक कायदा केला.

चुकीची माहितीही जीव घेते

जॉर्जिया देशाची राजधानी तिबिलिसी येथे जून २०१५ मध्ये पूर आला आणि प्राणिसंग्रहालय वाहून गेले. पाणघोडा शहराच्या रस्त्यावर फिरत होता, त्याला डार्ट मारून आवरले. पण खरी चूक पुढे झाली. आता कोणताही हिंस्र प्राणी बाहेर नाही, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. त्यानंतर १७ जूनला एका गोदामात दडलेल्या वाघाने एका माणसाचा जीव घेतला. चुकीच्या माहितीबद्दल तिथल्या पंतप्रधानांना जाहीर माफी मागावी लागली.

आपल्याकडे याची दोन रूपे दिसतात. एक म्हणजे जुना किंवा भलत्याच राज्यातला व्हिडिओ 'आत्ता आपल्या गावात' म्हणून फिरणे. दुसरे म्हणजे पिंजऱ्यात एक बिबट्या सापडला की 'तोच होता, आता भीती नाही' असे गृहीत धरणे. हल्ला करणारा आणि पकडलेला बिबट्या एकच आहे का, हे ठसे, कॅमेऱ्यातील फोटो आणि नमुन्यांची तपासणी यांवरून ठरते. ते ठरेपर्यंत 'सगळे ठीक आहे' असे कोणीच सांगू नये.

लोक चिडतात, त्याला कारण आहे

गर्दीला दोष देऊन मोकळे होणेही बरोबर नाही. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये सुमारे वीस दिवसांत बिबट्याच्या हल्ल्यात तीन जीव गेले, त्यांत दोन लहान लेकरे होती. लोकांनी वनविभागाची गाडी जाळली, पुणे-नाशिक महामार्ग अडवला. त्यानंतर नेमबाजांनी एका बिबट्याला गोळी घातली. जाळपोळीचे समर्थन होऊ शकत नाही. पण ज्यांच्या दारातून लेकरू उचलले जाते, त्यांना 'शांत राहा' एवढेच सांगून भागत नाही. मृतांच्या वारसांना सरकार २५ लाख रुपये देते, पण त्या रकमेने कोणाचे घर भरत नाही.

लोक बांधावर गोळा होतात त्याचे एक कारण हेच आहे की यंत्रणा वेळेत येईल यावर त्यांचा भरवसा नाही. वनरक्षकाकडे अनेक गावे, डॉक्टर आणि डार्टची बंदूक तालुक्याला एखादी, पिंजरे मागणीपेक्षा कमी. पहिला तास रिकामा जातो आणि त्या रिकाम्या तासात गाव स्वतःच मैदानात उतरते.

कायदा काय सांगतो?

बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. कलम ११ नुसार तो माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणे देऊन त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. मात्र पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नसेल तरच. म्हणजे ठार मारण्याचा आदेश गावातून, आमदारांकडून किंवा तहसीलदारांकडून निघत नाही. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा ठरत नाही. पण पळून चाललेल्या किंवा विहिरीत पडलेल्या बिबट्याला घेरून मारणे यात बसत नाही.

गर्दी हटवणे हे वनविभागाचे एकट्याचे काम नाही आणि तेवढे मनुष्यबळही त्यांच्याकडे नाही. ते काम पोलीस आणि महसूल यंत्रणेचे आहे. प्रांताधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे पूर्वीच्या १४४ खाली, जमावबंदी लावू शकतात. प्रश्न एवढाच की हा आदेश बिबट्या दिसल्यावर अर्ध्या तासात निघतो की माणूस गेल्यावर.

आधी ठरवले तरच जमते

जपानमध्ये टोकियोच्या उएनो आणि तामा प्राणिसंग्रहालयांत प्राणी सुटल्याचा सराव होतो. कर्मचारीच प्राण्याचा वेश घालून पळतात आणि बाकीचे जाळी घेऊन त्यांना घेरतात. त्याचे व्हिडिओ पाहून लोक हसतात. पण कोणी कुठे उभे राहायचे, फोन कोण करणार, फाटक कोण लावणार हे त्या हसण्यातच पाठ होते.

जुन्नरच्या पट्ट्यात हा अनुभव दुसऱ्या रूपात आहेच. कठडा नसलेल्या विहिरीत बिबट्या पडला की जाणती पथके आधी माणसे मागे घेतात, मग दोराने बाज किंवा खाट खाली सोडतात. बिबट्याला टेकायला जागा मिळते, तो दमून बुडत नाही. मग पिंजरा उतरवला जातो. डार्ट लागत नाही, गोळी लागत नाही. काठावर गर्दी कमी असेल तर काम सरळ होते, गर्दी असेल तर बिबट्या पिंजऱ्याकडे यायलाच तयार होत नाही. हेच शहाणपण विहिरीबाहेरही चालवायला हवे.

ग्रामपंचायतीने आणि तालुक्याने मिळून पुढील गोष्टी कागदावर आणल्या तर पहिला तास रिकामा जाणार नाही:

• बिबट्या दिसताच फोन कोणाला, हे ठरलेले असावे. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आणि पोलिसांचा ११२ हे क्रमांक शाळा, डेअरी आणि सोसायटीच्या भिंतीवर लिहावेत.

• ग्रामसुरक्षा यंत्रणेतून एकाच वेळी सगळ्या गावाला फोन जातो. तो निरोप पोलीस पाटील किंवा सरपंच यांनी वनरक्षकाकडून खात्री करूनच द्यावा.

• निरोप 'या, बघा' असा नसावा. 'घरात थांबा, लेकरं आत घ्या, जनावरं बांधा, त्या शिवारात जाऊ नका' असा असावा.

• गावातील दहा-बारा तरुणांचे पथक रस्ते अडवण्यासाठी असावे, बिबट्या हुसकावण्यासाठी नाही.

• शोधमोहीम चालू असेल तितके दिवस त्या भागातील शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी. रात्री पाणी भरायला जाणारा शेतकरी आणि बिबट्या यांची वेळ एकच असते.

• प्रस्तावित सफारी असो वा माणिकडोहचे केंद्र, प्राणी सुटल्यास काय करायचे याचा आराखडा आसपासच्या ग्रामपंचायतींना मिळावा आणि वर्षातून एकदा गावाला घेऊन सराव व्हावा.

यातल्या बहुतेक गोष्टींना मोठा निधी लागत नाही. सफारीमुळे पर्यटक येतील, रोजगार येईल, अशी आशा जुन्नरकरांना आहे आणि ती रास्तही आहे. पण सफारीच्या आराखड्यात तिकीट खिडकी आणि वाहनतळ यांच्याबरोबर 'कुंपण तुटले तर' हे पानही असायला हवे. ते पान मागण्याचा हक्क ग्रामसभेला आहे. येत्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर हा विषय घेऊन वनक्षेत्रपाल आणि पोलीस निरीक्षकांना बोलवावे आणि एकच प्रश्न विचारावा, बिबट्या दिसल्यापासून तुमची गाडी पोहोचेपर्यंत गावाने काय करायचे? त्याचे उत्तर लेखी मिळाले आणि शाळेच्या भिंतीवर लागले, तर पुढच्या वेळी बांधावर माणसे कमी असतील.