गवयांनाही शिकायला पाठवले होते

शिरूर तालुक्यातल्या एका सत्कारसमारंभात एका जाणत्या गृहस्थांनी संगीतशिक्षकांना चार शब्द सुनावले आणि त्यांना टाळ्याही भरपूर मिळाल्या. निमित्त होते एका सूचनेचे. न्हावरे, मांडवगण, इनामगाव या पट्ट्यात पेटी, पखवाज, तबला आणि शाळेतले समूहगीत शिकवणाऱ्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे आणि एकमेकांचे शिकवणे पाहावे, असे काही शिक्षकांनी सुचवले होते. गृहस्थांना ते अजिबात पटले नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : विद्या गुरुमुखातून येते, मेळाव्यातून येत नाही. ज्याला गाता येते त्याला शिकवता येतेच, आणि ज्याला गाता येत नाही तोच प्रशिक्षणे घेत हिंडतो. खेड्याला भजनापुरते संगीत पुरे, अधिक हवे असेल त्याने पुणे गाठावे. शिवाय आता मोबाइलवर सगळे मिळते. शेवटी त्यांनी विचारले, पूर्वीचे थोर गुरू कुठल्या मेळाव्याला गेले होते?

या प्रश्नाला उत्तरच नाही अशा थाटात तो विचारला गेला, म्हणून आधी तोच घेतो. उत्तर आहे आणि ते बरेच लांब आहे.

ग्वाल्हेर हे ख्यालगायकीचे माहेर. तिथे महाराज माधवराव शिंदे यांनी संगीताचे विद्यालय काढायचे ठरवले, तेव्हा दरबारात गवयांची वाण नव्हती. गाता येणे म्हणजेच शिकवता येणे असते तर त्यांतल्याच चौघांना वर्गावर बसवून काम भागले असते. तसे झाले नाही. ग्वाल्हेरच्या गवयांना मुंबईला विष्णू नारायण भातखंडे यांच्याकडे पाठवण्यात आले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. घराण्याची तालीम घेतलेला, जाणकारांनी मान्य केलेला गायक स्वरलिपी आणि वर्गात शिकवण्याची पद्धत शिकायला एका वकिलापुढे बसला. मग 1918 मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झाले आणि पूछवाले तिथे नावारूपाला आलेले गुरू ठरले. त्यांच्या गायकीला त्याने कुठे उणेपण आले? गाणे एक विद्या आणि शिकवणे दुसरी, एवढे त्या माणसांना समजले होते. शंभर वर्षांनंतर शिरूरच्या व्यासपीठावर ते समजू नये, याचा मला राग येतो.

भातखंडे स्वतः काय करत होते? गावोगावी जाऊन उस्तादांकडून चिजा मिळवत होते. काहींनी दिल्या, काहींनी दडवल्या. 1916 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात त्यांनी अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. पुढे दिल्ली, बनारस आणि दोनदा लखनौ. या परिषदांत गाणे तर झालेच, पण एका रागाचे स्वर ठिकठिकाणी वेगळे का लावले जातात आणि शिकवताना कोणते धरायचे, यावर समोरासमोर वाद झाले. शिकवणाऱ्यांचे मेळावे आणखी कसे असतात?

गृहस्थांना भातखंडे पुस्तकी वाटत असतील तर विष्णु दिगंबर पलुस्करांकडे पाहावे. कुरुंदवाडचा हा मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकला. गुरुमुखी विद्येचे यापेक्षा अस्सल उदाहरण देता येणार नाही. त्याच विष्णु दिगंबरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि मैफलीच्या गवयांबरोबर संगीताचे शिक्षक घडवण्यासाठी उपदेशक वर्ग चालवला. ते 1931 मध्ये वारले. त्यांचे शिष्य आपापल्या गावी आपापले वर्ग चालवत राहू शकले असते. त्याच वर्षी ते अहमदाबादला जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज न्हावऱ्यातली मुलगी प्रवेशिकेच्या परीक्षेला बसते, तिचा अभ्यासक्रम या एकत्र बसण्यातून आला आहे. ‘संगीत कला विहार’ हे मासिक 1947 मध्ये निघाले तेही याच मंडळींचे, आणि त्याचे संपादन बी. आर. देवधरांनी केले. कुमार गंधर्वांचे हे गुरू आवाज कसा कमवावा याचा आयुष्यभर शोध घेत राहिले. गुरू झाल्यावर शिकणे संपते असे त्यांनी कधी मानले नाही.

भजनापुरते पुरे म्हणणाऱ्यांना भजनाचा इतिहास तरी ठाऊक हवा. विष्णुबुवा जोगांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. कीर्तन, गाथा, ज्ञानेश्वरी नुसती घराघरातून चालत आली म्हणून टिकेल असा भरवसा त्यांना वाटला नाही. शिकवण्याची घडी बसवावी लागते हे त्या परंपरानिष्ठ माणसाने ओळखले होते. आपल्या भागातल्या सप्ताहाच्या पत्रिकेवर ज्यांच्या नावाआधी गायनाचार्य, मृदंगाचार्य छापतात, त्यांच्यातले कितीतरी जण आळंदीतच घडले आहेत.

गृहस्थांनी जाता जाता पेटीमास्तरांनाही टोला मारला, म्हणून एका जुन्या भांडणाबद्दल बोलणे भाग आहे. पेटीवर मींड निघत नाही, तिचा गंधार आपल्या रागाच्या गंधाराशी जुळत नाही, हा आक्षेप खरा आहे. त्याच आक्षेपापायी 1940 पासून सुमारे तीस वर्षे ती रेडिओवर वाजू दिली गेली नाही. त्या वादात दोन्ही बाजूंनी कागद खूप खर्ची पडले. पण त्या तीस वर्षांत न्हावऱ्याच्या देवळातली पेटी बंद झाली नाही, कारण दुसरे काही परवडत नव्हते आणि गावात तानपुरा जुळवणारे कोणी नव्हते. पेटी राहणारच आहे. तेव्हा पेटीवर शिकवणाऱ्याला तिचा स्वर कुठे फसवतो हे कळले पाहिजे, मुलाला पेटी थांबवून गायला केव्हा लावायचे हे कळले पाहिजे. हे त्याला कोणी सांगायचे? एकत्र बसू नका म्हणणाऱ्यांनी सांगितलेले नाही.

आता ज्याला गाता येते त्याला शिकवता येते, या वाक्याकडे येतो. ते वाक्य मुलांचे नुकसान करते. शाळेतल्या समूहगीतात नेहमी काय घडते ते पाहा. मास्तरांचा गळा काळी एकला बसतो, म्हणून गाणे काळी एकला. अंतरा तार सप्तकात चढला की चाळीस मुले ओरडू लागतात आणि मास्तर आणखी जोरात म्हणा म्हणतात. पट्टी मुलांसाठी बदलायची असते हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. गाणाऱ्याला स्वतःची पट्टी कळली की त्याचे काम होते, शिकवणाऱ्याला समोरच्या प्रत्येकाची कळावी लागते. त्याहून वाईट घडते ते आठवी-नववीत. मुलाचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब होतात, आवाज काही महिने फुटतो, घोगरा होतो आणि जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो. हे प्रत्येक मुलाचे होते. पण सातवीपर्यंत शाळेत सगळ्यांत गोड गाणाऱ्या मुलाला त्या वर्षी सांगितले जाते, तुझा गळा गेला. त्याला गटातून काढतात, टाळ हाती देतात. मुलगा मनाला लावून घेतो आणि पुन्हा गात नाही. खरे तर त्याला त्या काळात मंद्र-मध्यातल्या चारपाच स्वरांत, हलक्या आवाजात, ताण न देता गात ठेवायचे असते. हे जाणणारा एखादा शिक्षक दहा मैलांवर असेलही, पण त्याची आणि या मास्तरांची गाठ पडत नाही. अशी किती मुले आपण मुकी केली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

गृहस्थांना उत्तम गवयाचा आदर आहे, मलाही आहे. पण उत्तम गवयाला गाणे सहज आलेले असते, आणि ज्याला सहज आले त्याला न येणाऱ्याची अडचण दिसत नाही. मात्रा चुकणाऱ्या मुलाला तो पुन्हा म्हण, पुन्हा म्हण एवढेच सांगतो. मूल दहा वेळा पुन्हा म्हणते आणि दहा वेळा चुकते. दुसऱ्या शिक्षकाने तेच मूल पाहिले तर कदाचित त्याच्या लक्षात येईल की मुलाला समच कळलेली नाही, टाळी-खाली हाताने दाखवून आधी ती बसवली पाहिजे.

मोबाइलचे म्हणाल तर मोबाइल गाणे ऐकवतो, गाणाऱ्याचे ऐकत नाही. एकत्र बसणे म्हणजे संघटना आणि संघटना म्हटली की राजकारण येते असे कोणी म्हणेल, तर ते खरे. ते शेतकऱ्यांच्या संस्थांतही येते, म्हणून कोणी संस्था काढायच्या थांबत नाही.

सरकारकडे पाहायचे तर शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्यात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांना आणि शंभराहून अधिक पट असेल तर. वाडीवस्तीवरच्या शाळेत त्यामुळे गाणे कोण शिकवणार याचे उत्तर त्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकाच्या आवडीवर अवलंबून राहते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास आपल्या व्यावसायिक विकासाला द्यावेत असे म्हटले. यातले काही तास समूहगीताच्या पट्टीसाठी मागता येतात. मागायला मात्र चार माणसे एकत्र आलेली असावी लागतात.

मग करायचे काय? माझे म्हणणे साधे आहे. महिन्यातला एक रविवार, ठिकाण न्हावरे. शिरूर-चौफुला रस्ता इथून जातो, तळेगाव ढमढेऱ्याकडून येणारा रस्ता इथे मिळतो, त्यामुळे कोणाला फार लांब पडत नाही. हारतुरे नकोत, पाहुणा नको, ध्वनिक्षेपक नको. प्रत्येक वेळी दोघांनी आपापली दोन-तीन मुले आणावीत आणि बाकीच्यांसमोर वीस मिनिटे शिकवावे, मैफल करू नये. मग बाकीच्यांनी काय दिसले ते सांगावे. पहिल्या वर्षी फुटलेल्या आवाजाच्या मुलांवरच बोलले तरी खूप होईल. जमेल तसे या भागातले गाणे टिपून ठेवावे : जात्यावरच्या ओव्या, भारूड, जागरण-गोंधळ, ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांतली मुले म्हणतात ती गाणी. हंगेरीत कोदाय या संगीतकाराने खेड्यापाड्यांतली गाणी गोळा केली, त्यांवर मुलांचे संगीतशिक्षण उभे केले, आणि 1950 मध्ये केचकेमेतला रोज गाणे शिकवणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. आपल्याकडे गाणी त्याहून कमी नाहीत.

आणि चौफुल्याच्या ढोलकीवाल्यांना बोलवावे. यावर मात्र आमच्याच काही भजनी मित्रांचा विरोध आहे, आणि तो मला गृहस्थांच्या विरोधापेक्षा जास्त लागतो. चौफुल्याला संगीत बारीची कला केंद्रे आहेत. आषाढात तुकोबांची पालखी यवतहून वरवंडला जाते ती त्याच चौफुल्यावरून. त्या दिवशी दिंडीतला पखवाज आणि बारीतली ढोलकी यांच्यात एका रस्त्याचे अंतर असते, आणि वर्षभर ते कोणी ओलांडत नाही. बारीतला ढोलकीवाला लय चढवताना बोटे कशी हलकी ठेवतो, तासन्‌तास हात न थकता कसा वाजवतो, नाचणारीच्या पायाकडे पाहत कसा थांबतो, हे पखवाज शिकवणाऱ्याने पाहिलेच पाहिजे. ढोलकीवाल्यालाही पखवाजाची जड अंगाची थाप आणि चौताल-धमाराचे बोल हवे असतात, आणि मुलाला काय शिकवू असे विचारायला त्याला जागा नसते. देवळाच्या सभामंडपात बसवायला कोणी कचरत असेल तर बैठक शाळेच्या वर्गात घ्यावी. पण त्यांना वगळून घेऊ नये, आणि निरोप पाठवायचा तो पहिल्याच बैठकीचा.