आजीच्या तोंडाला कुलूप

गेल्या पावसाळ्यात घरभेटींच्या निमित्ताने आमच्या वसईतील एका घरी गेलो होतो. ओटीवर आजी नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नातू सव्वादोन वर्षांचा. अंगणातल्या केळीवर एक कावळा येऊन बसला, पोराने बोट दाखविले आणि आजींच्या तोंडून सवयीने निघून गेले, "काऊ!" आतून सूनबाईंचा आवाज आला, "मम्मी, क्रो म्हणा ना! किती वेळा सांगायचं?" आजींनी माझ्याकडे पाहिले, मग नातवाकडे, आणि ओठ आवळून "क्रो" म्हटले. मुलगा काहीच बोलला नाही. त्यानंतर मी तेथे पाऊण तास होतो. त्या पाऊण तासात आजी त्या मुलाशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

चहा घेताना सूनबाईंनी आपली चिंता सांगितली ती अशी : "फादर, हा अजून बोलत नाही. प्रार्थना करा."

प्रार्थना मी केली. परंतु त्या घरी जे बोलायला मी धजलो नाही, ते येथे लिहीत आहे. ज्यांना राग यायचा त्यांना खुशाल यावा.

त्या पाऊण तासात मुलाच्या कानावर पडलेले इंग्रजी मी मनातल्या मनात मोजले. 'कम', 'सिट', 'ईट', 'नो', 'डोन्ट टच', 'गुड बॉय', आणि मी निघताना 'से बाय टू फादर'. संपले. सूनबाई सुशिक्षित आहेत, मनाने प्रेमळ आहेत आणि मुलासाठी जीव टाकतात, याविषयी मला शंका नाही. पण क्षमा करून सांगतो, एवढ्याच शब्दांत आमच्या गावात लोक कुत्री वाढवतात. मुलाला इंग्रजी मिळत आहे असा त्या माउलीचा समज आहे. त्याला मिळत आहेत ते हुकूम. ज्या भाषेत त्याच्या आईला स्वतःला स्वप्ने पडत नाहीत, रडू येत नाही, भांडताही येत नाही, त्या भाषेत ती त्याच्याशी हुकमांखेरीज दुसरे बोलणार तरी काय?

मूल बोलायला शिकते ते शब्दांची यादी पाठ करून नव्हे. आईच्या उदरात असतानाच तिचा स्वर त्याच्या कानी पडत असतो. सहा-सात महिन्यांचे झाले की ते 'बा-बा-बा', 'दा-दा-दा' अशी अक्षरांची माळ ओवू लागते. वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो, आणि दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान दोन शब्दांची जोडणी सुरू होते : 'काऊ भुर्र', 'बाबा नाय'. पुढची गंमत तर याहून मोठी आहे. अडीच-तीन वर्षांचे मराठी पोर 'मी केलं' न म्हणता 'मी करलं' म्हणते. आपण हसतो आणि पाहुण्यांना बोलावून ते पुन्हा म्हणायला लावतो. पण घरात 'करलं' कोणी म्हणतच नसते, मग त्याने ते आणले कोठून? 'बसलं', 'पडलं', 'धरलं' हे शेकडो वेळा ऐकून त्या चिमुकल्या डोक्याने नियम स्वतः शोधून काढलेला असतो. सेमिनरीत लॅटिनची धातुरूपे घोकताना आम्हा बाप्यांना घाम फुटत असे. येथे लंगोटीतला वैयाकरण कोणी न शिकविता व्याकरण रचतो!

मात्र हा शोध लावण्यासाठी त्याला कच्चा माल लागतो, आणि तो माल म्हणजे ओघाने, न थकता, लाडाने बोललेली भाषा. आमच्या घरांत ती आहे कोणापाशी? आईबाप सकाळी विरारची लोकल पकडतात आणि काळोख पडल्यावर घरी येतात. घरात दिवसभर आजी असते. भाजी निवडताना, मासळी साफ करताना, कपडे वाळत घालताना तिचे तोंड चालू असते. कोंबडीशी बोलते, देवाशी बोलते, नातवाशी तर अधिकच. 'आता आपण मम् करायचं हं, मग जोजो, मग आई येणार, आईला पापा देणार.' या एका वाक्यात काळ आहे, क्रम आहे, नाती आहेत. हे सगळे बंद करून आपण मुलाच्या हाती देतो काय? जेवताना समोर टेकवून ठेवलेला मोबाईल, आणि त्यावर नाचणारी परदेशी बदके.

त्या मोबाईलविषयी थोडे सांगतो. पॅट्रिशिया कुल या संशोधिकेने सहकाऱ्यांसह २००३ साली अमेरिकेतील एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना बारा बैठकांत मँडरिन चिनी ऐकविण्यात आली. समोर बसून खेळणाऱ्या, डोळ्यांत पाहणाऱ्या माणसाकडून ज्यांनी ती ऐकली, ती बाळे त्या परक्या भाषेतील ध्वनींचा भेद ओळखू लागली. तीच भाषा पडद्यावरून वा ध्वनिमुद्रणातून ऐकणारी बाळे मात्र काहीही शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये वर्षाच्या आतील बाळांना पडदा मुळीच दाखवू नये, आणि दोन वर्षे पूर्ण झाल्यावरही दिवसाला तासाभरापेक्षा अधिक नको, असे सांगितले. आमच्या आजींना हे कोणी सांगायला नको होते. मूल तोंडाकडे पाहून बोलायला शिकते, हे त्यांना ठाऊकच होते.

येथे काही वाचक मला अडवतील. "फादर, तुम्हाला ना मूल ना बाळ, तुम्हाला काय कळते? जगात टिकायचे तर इंग्रजी हवे." पहिला आक्षेप मला मान्य आहे. दुसऱ्याचे उत्तर असे की मी इंग्रजीचा वैरी नाही. माझे अर्धे वाचन त्याच भाषेत होते. लहान मूल दोन काय, तीन भाषाही एकदम पेलते, आणि दोन भाषा कानी पडल्या म्हणून ते बोलायला उशीर करते हा समज तज्ज्ञांनी केव्हाच टाकून दिला आहे. तरीही "घरात एकच भाषा ठेवा" असा सल्ला देणारे अजून भेटतात, आणि आमचे पालक ती एक भाषा म्हणून नेमकी स्वतःला न येणारी निवडतात! दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, तर आधी त्याचे कान तपासून घ्या, वाचा-उपचार करणाऱ्यांना दाखवा. आजीला गप्प करणे हा त्यावर इलाज नाही.

भाषा हुकमाने सोडविण्याचा प्रयोग आपल्या किनाऱ्याला नवा नाही. गोव्यात १६८४ साली विसरेई कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले की स्थानिकांनी आपली बोली टाकून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे. विसरेई गेला, पोर्तुगीज गेले, कोकणी राहिली. फर्मान उंबऱ्याबाहेर थांबले होते, आत आजी बोलत होती. आज फर्मान स्वयंपाकघरातून सुटते. आणि दैवाची थट्टा पाहा : त्याच गोव्यात इंग्लंडात जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी आत्मसात करून 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ मध्ये छापले. जन्माने इंग्रज असलेला माणूस आपली भाषा शिकायला सातासमुद्रांपलीकडून आला, आणि आम्ही ती आमच्याच नातवंडांपासून लपवून ठेवतो.

मात्र सगळा दोष सूनबाईंच्या पदरात टाकून मला सुटता येणार नाही. माझी आई कादोडी बोलत असे. शाळेत ती बोली 'अशुद्ध' ठरली. मी ती लाजेने गिळली आणि पुढे सेमिनरीत प्रमाण मराठीवर इंग्रजीचा मुलामा चढविला. आईच्या अखेरच्या आजारपणात मी तिच्या उशाशी बसलो होतो. ती बोलत होती ते मला कळत होते. तिला तिच्याच बोलीत उत्तर द्यावे असे फार वाटे, पण शब्द जिभेवर येईनात. मी प्रवचनातल्या मराठीत बोलत राहिलो आणि ती मला परक्या माणसासारखी "हो फादर" म्हणत राहिली.

दुसरा अपराध अधिक ताजा आहे. लहान मुलाच्या स्नानसंस्कारात 'एफ्फाथा' नावाचा एक छोटा विधी आहे. मार्कच्या शुभवर्तमानातील बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला प्रभूने उच्चारलेला तो शब्द, 'मोकळा हो'. धर्मगुरू प्रथम बाळाच्या कानांना स्पर्श करतो आणि मग मुखाला. आधी कान, मग तोंड. क्रम अचूक आहे. हा विधी मी कित्येक बाळांवर केला. आणि तीच बाळे तीन वर्षांची होऊन आमच्या धर्मग्रामाच्या शाळेत प्रवेशाला आली, तेव्हा टेबलामागे बसून त्यांना "व्हॉट इज युवर नेम?" असे विचारणाराही मीच होतो. घाबरून आईच्या पदराआड दडणाऱ्या पोरांच्या नावापुढे खुणा झालेल्या मी पाहिल्या आहेत. सूनबाईंना कावळ्याचा 'क्रो' करायला शिकविले ते या टेबलाने. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलांची वा पालकांची अशी चाळणी लावण्यास मनाई केली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना त्या कायद्याबाहेर ठेवले, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. जे इतरांना कायद्याने निषिद्ध ठरले, ते करण्याची मोकळीक आम्हाला मिळाली याचा आम्हाला आनंद झाला, हे लिहिताना मला शरम वाटते.

येत्या प्रवेशाच्या वेळी ते टेबल मांडू नये, असे मी कार्यालयात लेखी कळविले आहे. मूल आजीसोबत आले तर आजीला खुर्ची द्यावी आणि त्यांचे जे बोलणे चालले असेल ते चालू द्यावे, असेही त्यात लिहिले आहे. शाळासमितीतील दोघांनी "दर्जा घसरेल" म्हणून विरोध नोंदविला आहे. त्यांचे म्हणणे संपादकांनी पुढील अंकात अवश्य छापावे. मी उत्तर देईन.