खोपा विणणारा तो, आजारी पडणारं कोण?

कोरोनानंतर ‘इम्युनिटी’ हा शब्द घराघरांत पोचला. काढा उकळताना आजीसुद्धा तो सहज वापरायला लागली. पण विहिरीवरच्या बाभळीला लोंबणाऱ्या खोप्यातल्या पाखरालाही इम्युनिटी असते, आणि ती बारा महिने सारखी नसते, हे आपल्या डोक्यात कधी येतं का?

नंदुरबारकरांच्या तरी यायला हवं. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापुरात सापडला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, पोल्ट्रीवाले रस्त्यावर आले. २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच. अशा वेळी बोट हमखास रानपाखरांकडे जातं. ‘पक्ष्यांनी आणला’ म्हटलं की विषय संपला! पण कोणत्या पक्ष्यांनी? नर की मादी? विणीच्या दिवसांत की नंतर?

हे प्रश्न फालतू नाहीत. शरीराकडची ताकद महिन्याच्या पॉकेटमनीसारखी असते. एकीकडे उधळली की दुसरीकडे कात्री लागते. सुगरणीचंच बघा. नाव बाईचं, पण पावसाळ्यात पिवळाधमक होऊन खोपा विणतो तो नर. मादी अंडी घालते, उबवते, पिल्लांना भरवण्याचं बरंचसं काम तीच करते. दोघांचा खर्च वेगळा, खर्चाची वेळही वेगळी. मग रोगाशी लढायला उरणारी शिल्लक सारखी कशी असेल?

यात हार्मोन्सचीही भानगड आहे. पक्ष्यांच्या शेपटीखाली आतल्या बाजूला ‘बर्सा’ नावाची छोटी पिशवी असते. प्रतिपिंडं बनवणाऱ्या ‘बी’ पेशी तिथे तयार होतात. त्यातला ‘बी’ बर्सावरूनच आला. अंड्यातल्या पिल्लाला टेस्टोस्टेरॉन दिलं तर ही पिशवी वाढतच नाही. यावरून ‘म्हणजे नर कमजोर’ असं म्हणायचा मोह होतो. पण तसं सरसकट नाही. जात बदलली, ऋतू बदलला, प्रतिकारशक्तीचा कोणता भाग मोजला ते बदललं, की उत्तरही बदलतं. माणसाचा नियम इथे चिकटवता येत नाही. आपल्याकडे दोन एक्स गुणसूत्रं बाईकडे. पक्ष्यांत मात्र सारखी जोडी नराकडे, मादीकडे दोन वेगळी.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ‘पक्षी’ म्हणून एकच सरासरी काढणं थांबवा. रानपाखरांची तपासणी होईल तिथे जात, महिना आणि नर-मादी ही तीन खाणी भरलेली असायलाच हवीत. निरोगी वर्षाची नोंद हाताशी नसेल, तर साथीच्या वर्षी काय बिघडलं हे कळणार कसं?

आपण काय करायचं? पक्षी पकडायचे नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार त्याला परवानगी लागते. पण एक बाभूळ किंवा एक तळं निवडा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी जा. नर किती, माद्या किती, कोण विणतंय, कोण भरवतंय, लिहून ठेवा. मेलेलं पाखरू दिसलं तर हात लावू नका. पशुसंवर्धन विभागाला कळवा आणि जागा, तारीख टिपा. झूऑलॉजीच्या प्रोजेक्टमध्ये नेटवरून उतरवलेल्या पानांपेक्षा ही वही केव्हाही भारी.

‘परीक्षेला येणार आहे का?’ असं कुणी विचारेलच. त्याला वनपिंगळ्याची गोष्ट सांगा. १८८४ नंतर हा पक्षी नामशेष झाला असं जग धरून चाललं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो सापडला, तो आपल्या शहाद्याजवळच्या रानात. शोधायला आले होते अमेरिकेतले पक्षीतज्ज्ञ.

पाखरू आपल्या दारातलं आणि नोंद परक्याच्या वहीत, असं आणखी किती दिवस चालवायचं?