चौदा खंडांची कथा : पुढें वाचावी कीं थांबावें?

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं दुपारच्या सुट्टींत नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी शाळेच्या ग्रंथालयांत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातांत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, कडा झिजलेल्या, पाठ मोडलेली. तो म्हणाला, "सर, हा सहावा भाग आहे. अजून आठ राहिले. पुढच्या वर्षीं दहावी. बाबा म्हणतात, सोडून दे. मला सोडवत नाहीं. आणि खरें सांगूं का, हल्लीं वाचवतहि नाहीं. काय करूं?"

मीं त्यास त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं, कारण तें माझ्यापाशीं नव्हतें. त्याच कथामालेच्या दहाव्या खंडांत मी स्वतः गेलीं चार वर्षें अडकून पडलों आहें. हा लेख म्हणजे त्या मुलास दिलेलें उशिराचें उत्तर होय. त्याच्या वडिलांनींहि तो वाचावा, अशी इच्छा आहे.

ही कथा म्हणजे रॉबर्ट जॉर्डन या टोपणनांवानें लिहिणाऱ्या एका अमेरिकन ग्रंथकाराची 'द व्हील ऑफ टाइम', आपल्या भाषेंत कालचक्र. तिचा पहिला खंड १९९० सालीं प्रसिद्ध झाला आणि चौदावा २०१३ सालीं. एकंदर पानें बारा हजारांच्या आसपास, शब्द चव्वेचाळीस लक्षांच्या घरांत. एका आडगांवचा मेंढपाळ तरुण व त्याचे दोन सोबती, एक लोहाराच्या हाताखालीं शिकणारा आणि दुसरा उनाड, एका रात्रीं गांव सोडून निघतात. आणि जगाचें रक्षण व जगाचा नाश हीं दोन्ही त्या मेंढपाळाच्याच हातीं आहेत, असें हळूहळू उघडकीस येतें. युगें येतात, जातात आणि पुन्हां येतात, ही या कथेच्या मुळाशीं असलेली कल्पना आपणांस परकी वाटण्याचें कारण नाहीं.

पहिले चार-पांच खंड असे आहेत, कीं पान वाढून घरांतून हांकांवर हांका आल्या तरी वाचणारा जागचा हलत नाहीं. त्यानंतर कथा पसरूं लागते. पात्रांची संख्या शेंकड्यांवर जाते, आणि दोनशें पानांमागें भेटलेला मनुष्य पुन्हां आला म्हणजे हा कोण हें आठवण्यांतच वेळ जातो. त्या लोहाराच्या शिष्याची पत्नी नवव्या खंडांत शत्रूच्या कैदेंत असते आणि सुटते ती अकराव्या खंडांत. नववा खंड २००० सालचा व अकरावा २००५ सालचा! म्हणजे पुस्तकें निघतील तशीं वाचणाऱ्यांनीं त्या बाईच्या सुटकेची निदान पांच वर्षें वाट पाहिली. मधल्या दहाव्या खंडाचा बराच मोठा भाग तर नवव्याच्या अखेरीस घडलेली एक प्रचंड घटना ठिकठिकाणच्या लोकांस दुरून कशी दिसली, एवढें सांगण्यांतच खर्ची पडतो. चहा होतो, वस्त्रें बदललीं जातात, निरोप येतात. कथा मात्र जागच्या जागीं. हा खंड वाईट आहे. थोर कथेंतला वाईट भाग वाईट आहे असें म्हणण्यास वाचकानें संकोच करूं नये. प्रेमानें वाचणाऱ्यासच तो अधिकार पोंचतो.

माझ्याजवळचे पहिले अकरा खंड माझ्या मामांचे. मामा सांगलीस हळदीच्या एका अडत दुकानांत हिशेबनीस होते. विलिंग्डन महाविद्यालयांतून इंग्रजी विषय घेऊन ते पदवीधर झाले होते. पण घरच्या अडचणींमुळें पुढें शिकतां आलें नाहीं, आणि त्याबद्दल त्यांच्या तोंडून कधीं तक्रारहि ऐकूं आली नाहीं. दुकानाच्या कामानें पुण्यास गेले, कीं जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून एखादा खंड पिशवींत घालून आणावयाचे. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर, खतावणींत नोंद करावी तशी, तारीख आणि किंमत लिहिलेली आहे. पानांच्या कडांस अजूनहि पिवळसर झांक दिसते. ती हळदीची कीं जुन्या कागदाची, हें मला सांगतां येणार नाहीं. मी ती हळदीचीच समजतों.

उन्हाळ्याच्या सुट्टींत आम्ही भाचेमंडळी सांगलीस जात असूं. रात्रीं जेवणें झाल्यावर गच्चीवर सतरंजी पडे आणि मामा आदल्या दिवशीं वाचलेलें एक प्रकरण आम्हांस मराठींत सांगत. एकच. कृष्णेकडून वारा येऊं लागे, आम्ही "मामा, आणखी थोडें" म्हणून गळ घालूं, आणि ते चष्मा पुसून म्हणत, "अरे, आज संपविलें तर उद्यां काय ऐकाल?" या बाबतींत त्यांनीं कधींहि सूट दिली नाहीं.

२००८ सालीं मामा वारले आणि पुस्तकें माझ्याकडे साताऱ्यास आलीं. दहावा खंड उघडून पाहतों तों निम्म्याच्या थोड्या पुढें पोत्यांच्या हिशेबाचा एक कागद खुणेसाठीं घातलेला होता. त्या खुणेपलीकडचीं पानें अगदीं नवीं. अकराव्या खंडावर २००६ सालची तारीख होती. पण तो एकदांहि उघडलेला दिसत नव्हता. याचा अर्थ असा, कीं मामांस मृत्यूनें अडविलें नव्हतें. दोन वर्षें हातांत असतां त्यांनीं वाचन आपण होऊन थांबविलें होतें, आणि तरीहि पुढचा खंड पैसे देऊन आणून ठेवला होता. खात्यांत नवी नोंद नाहीं, पण खातें मिटविलेलेंहि नाहीं! असें त्यांनीं कां केलें असावें, याचा विचार मी अनेक वेळां केला आहे.

लोक सांगतात, "एवढें वाचलें आहे, तर आतां पुरें कर." मामांच्यासारख्या हिशेबनिसानें हा युक्तिवाद एका क्षणांत निकालांत काढला असता. बुडीत रकमेच्या मागें नवी रक्कम घालणें यास कोणीहि व्यापार म्हणत नाहीं. दुसरे म्हणतात, शेवट काय झाला तें कळावयास नको काय? पण शेवट पांच वाक्यांत सांगतां येतो, आणि आमच्या त्या विद्यार्थ्यास तो मित्रांकडून केव्हांच कळलेला आहे. या कथेवरून २०२१ सालीं सुरू झालेली चित्रमालिका तीन पर्वांनंतर २०२५ मध्यें अर्ध्यावरच बंद करण्यांत आली. ती पाहूनच तो या पुस्तकांकडे वळला. शेवट ठाऊक असूनहि त्याचें मन निघत नाहीं, त्या अर्थीं तो शेवटासाठीं वाचीत नाहीं हें उघड आहे.

थांबण्याच्या बाजूनें आणखी एक मुद्दा पुढें येतो, आणि तो अधिक वजनदार आहे. रॉबर्ट जॉर्डन यांस २००६ सालीं एका दुर्धर रोगानें ग्रासलें आणि १६ सप्टेंबर २००७ रोजीं ते निवर्तले. अकरा खंड झाले होते. शेवटचा व्हावयाचा होता. दिवस थोडे उरले हें ओळखून त्यांनीं टिपणें करून ठेविलीं, पुढची कथा घरच्यांस तोंडानें सांगितली आणि अगदीं अखेरचा प्रसंग लिहूनहि ठेविला. त्यांच्या पत्नी हॅरिएट या त्यांच्या ग्रंथांच्या संपादक. ब्रँडन सँडरसन या तरुण ग्रंथकारानें पतीविषयीं लिहिलेला श्रद्धांजलीचा लेख त्यांच्या वाचनांत आला आणि त्यांनीं उरलेलें काम त्यांच्याकडे सोंपविलें. सँडरसन शाळकरी वयापासून याच कथेचे वाचक. शेवटचा एक खंड लिहावयाचा होता, त्याचे तीन झाले. आतां कित्येक वाचक म्हणतात, परक्या हातचें तें आम्हांस नको.

मला या जागीं माझ्या आजीची पोथी आठवते. चातुर्मासांत ती एकनाथांचें भावार्थ रामायण वाची. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत लेखणी नाथांची आणि पुढची त्यांचा शिष्य गावबा याची, असें परंपरा सांगते. पुरणपोळीच्या लोभानें नाथांच्या घरीं राहिलेला, मंदबुद्धि म्हणून हिणवला गेलेला असा हा मुलगा. त्या जागीं आली कीं आजी क्षणभर थांबे, पोथीस हात लावून नमस्कार करी, "आतां गावबा" असें म्हणे आणि वाचूं लागे. नाथांचें तें खरें आणि गावबाचें तें खोटें, असा भेद तिच्या मनास कधीं शिवलाहि नाहीं. परंतु हात बदलला आहे हें विसरावें असेंहि तिला वाटलें नाहीं. धर्मग्रंथ आणि मनोरंजनाची कादंबरी एकाच मापानें मोजावीं असें मला सुचवावयाचें नाहीं. एकानें मांडलेलें दुसऱ्यानें पुरें करणें आपणांस नवें नाहीं, एवढेंच म्हणणें आहे. हिंदींतील 'चंद्रकांता'चे कर्ते देवकीनंदन खत्री यांची 'भूतनाथ' ही मोठी ऐयारी कथा त्यांच्या मृत्यूमुळें अपुरी राहिली, तीहि त्यांच्या मुलानेंच पूर्ण केली.

आपल्या जिल्ह्यांतलें उदाहरण तर याहून मोठें आहे. औंधचें संग्रहालय तुम्हांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. तें उभारणारे औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १९१८ सालीं पुण्याच्या भांडारकर संस्थेस महाभारताची संशोधित आवृत्ति काढण्यासाठीं एक लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. १९१९ मध्यें कामास आरंभ झाला. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर हे मुख्य संपादक झाले. १९२७ मध्यें आदिपर्वाचा पहिला भाग छापून निघाला. १९४३ सालीं सुखटणकर वारले. मग डॉ. बेलवलकर आले, त्यांच्यामागून डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य, आणि १९६६ सालीं काम पूर्ण झालें तेव्हां पंतप्रतिनिधींस जाऊन पंधरा वर्षें लोटलीं होतीं. ज्या गृहस्थानें १९२७ चा पहिला भाग हौसेनें विकत घेतला, त्यास शेवटच्या भागासाठीं एकोणचाळीस वर्षें जगावें लागलें असतें. अर्थात् तें विद्वानांचें काम, त्याची कादंबरीशीं बरोबरी नाहीं. परंतु मोठें काम बहुधा एका आयुष्यांत मावत नाहीं, आणि घेणाऱ्याच्या आयुष्यांत तर मावतेंच असें नाहीं.

म्हणून परक्या हाताची सबब मला मान्य नाहीं. मला जी अडचण खरी वाटते ती निराळीच. आम्ही या कथा चुकीच्या रीतीनें वाचतों. रात्रीं दोन वाजेपर्यंत जागून तीनशें पानें एका घोटांत संपवावयाचीं, डोळे चुरचुरत शाळेंत यावयाचें, आणि दहाव्या खंडांत कथा मंदावली म्हणजे ग्रंथकारास शिव्या द्यावयाच्या! श्रीधरांच्या पांडवप्रतापाचे अध्याय चौसष्ट. आजी दिवसास एक वाची. कांहीं अध्याय रसाळ, कांहीं कंटाळवाणे, पण कंटाळवाण्याचाहि दिवस एकच असे, आणि भोंवतीं चार माणसें बसलेलीं असत. मामांच्या गच्चीवर तोच नियम होता. दिवसास वीस पानें घेतलीं तर बारा हजार पानांस सहाशें दिवस लागतात, म्हणजे दोन वर्षांहून कमी. मामांचें वाचन दहाव्या खंडांत कां थांबलें, याचें उत्तर मला या हिशेबांत सांपडल्यासारखें वाटतें. २००३ सालीं हा खंड निघाला तोंवर आम्ही भाचे मोठे झालों होतों. सुट्टींत सांगलीस कोणी जात नव्हतें. सांगावयास कोणी उरलें नाहीं, तेव्हां मामांस तो खंड एकट्यानें ओढावा लागला, आणि एकट्यानें ओढण्याजोगा तो नाहीं.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांस माझी विनंती आहे, कीं "सोडून दे" असें सांगूं नका. सोडण्याचा अधिकार वाचणाऱ्याचा आहे. हुकमानें सोडलेलें पुस्तक मनांत उघडेंच राहतें, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीं नेमकें आठवतें. त्याऐवजीं रात्रीं जेवणानंतर दहा मिनिटें, आज काय वाचलेंस तें मराठींत सांग, असें त्यास म्हणा. सांगण्याजोगें कांहींच नसेल, तर खंडांत दम उरला नाहीं हें त्याचें त्यालाच कळेल, आणि तो आपण होऊन पुस्तक मिटवील. सांगण्याजोगें असेल, तर तुमची दहा मिनिटें वाया गेलीं असें तुम्हांस वाटणार नाहीं. आणि मुला, तूं सहाव्या खंडावर खूण घालून दहावीचें वर्ष जाऊं दिलेंस, तर त्यांत हार नाहीं. तो मेंढपाळ कोठें पळून जात नाहीं. मात्र सोडलेंस तर ओढून ताणून अपराधी वाटून घेऊं नकोस, आणि धरलेंस तर रात्रीं दोन वाजतां नको.

माझ्यापुरतें मन अजून दुभंगलेलें आहे. दहावा खंड मी गेल्या महिन्यांत पुन्हां हातीं घेतला. रोज वीस पानें, आणि जेवणानंतर माझ्या मुलीस त्यांतलें जें सांगण्याजोगें असेल तें सांगतों. कित्येक दिवशीं सांगण्याजोगें कांहींच नसतें, मग मी मामांच्या दुकानाच्या गोष्टी सांगतों, आणि त्या तिला अधिक आवडतात. काल ती म्हणाली, "बाबा, त्या कागदापाशीं पोंचलात कीं मला हांक मारा." पोत्यांच्या हिशेबाचा तो कागद अजून चाळीस पानें पुढें आहे.